वाणीद्वारे संगणकाचे नियंत्रण : मुक्तस्रोत वाक्-अभिज्ञान प्रणालींचे स्वरूप आणि मर्यादा

प्रास्ताविक

संगणक वापरणे म्हणजे हाताने काम करणे, हे गृहीतक आपल्या मनात इतके रुजलेले आहे की त्याकडे आपले सहसा लक्षही जात नाही. कळफलक आणि माऊस या दोन्ही साधनांची रचना दोन निकोप हात व दहा बोटे असलेल्या व्यक्तीस समोर ठेवून झालेली आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली असून त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींचे अपंगत्व शरीराच्या हालचालींशी संबंधित होते. त्याखेरीज सततच्या टंकनाने मनगटे व बोटे दुखावलेले, लिहिताना हात आखडणारे असे अनेक जण कोणत्याही नोंदीत न येता आपल्या वर्गांत आणि कार्यालयांत वावरत असतात.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २०१८ साली लेखी परीक्षांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत दिव्यांग परीक्षार्थीस ब्रेल, संगणक, मोठ्या टाइपातील छपाई किंवा उत्तरांचे ध्वनिमुद्रण यांपैकी माध्यम निवडण्याची मुभा शक्य तेथवर द्यावी, असे म्हटले आहे. ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळही त्यांतच नमूद आहे. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवारास लेखनिकाचा हक्क मान्य केला आणि ही सवलत केवळ ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याची बाजू अशी बरीच पुढे गेलेली आहे. व्यवहारात मात्र ‘लेखनिक’ हाच एकमेव मार्ग आपण जाणतो. लेखनिक वेळेवर मिळेल काय, त्याला विषयातील संज्ञा लिहिता येतील काय, या चिंता परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत त्या विद्यार्थ्याच्या मानगुटीवर असतात. शिवाय लेखनिक परीक्षेपुरता भेटतो. वर्षभर टिपणे काढणे, प्रकल्प लिहिणे, ग्रंथालयाची सूची चाळणे यांसाठी तो नसतोच.

बोलून संगणक चालविता आला, तर या परावलंबनातील बराच भाग संपू शकतो. प्रस्तुत लेखात मुक्तस्रोत स्वरूपात उपलब्ध असलेल्या वाक्-अभिज्ञान प्रणाली, म्हणजे ज्यांना आपण सामान्यतः ‘स्पीच रेकग्निशन’ म्हणतो त्या, संगणकाचा डेस्कटॉप कशा प्रकारे नियंत्रित करतात, त्या कोठे अडखळतात आणि मराठी भाषकाच्या दृष्टीने त्यांची स्थिती काय आहे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या अध्यापकांनाही आकलन व्हावे, या हेतूने गणिती मांडणी टाळली आहे. एके ठिकाणी मात्र साधा गुणाकार अपरिहार्य ठरला.

पूर्वपीठिका

बेल प्रयोगशाळेत १९५२ साली तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र केवळ अंक ओळखत असे. १९६२ मध्ये आयबीएमने दाखविलेल्या ‘शूबॉक्स’ची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. पुढील दशकात पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठ हे या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले. तेथे १९७६ मध्ये साकारलेली ‘हार्पी’ ही प्रणाली १,०११ शब्द ओळखत होती. या केंद्राचे प्रवर्तक राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातील काटूर गावचे. १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासमवेत मिळाला. त्यांचे विद्यार्थी काई-फू ली यांनी १९८८ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘स्फिंक्स’ ही प्रणाली तीन गोष्टी एकाच वेळी साधणारी होती. तिला वक्ता परिचित असण्याची गरज नव्हती, शब्दाशब्दांत थांबावे लागत नव्हते आणि शब्दसंग्रह सुमारे एक हजार शब्दांचा होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना २००० सालची आहे. त्या वर्षी ‘स्फिंक्स-२’ची आज्ञावली मुक्तस्रोत म्हणून खुली करण्यात आली. पुढे जावा भाषेतील ‘स्फिंक्स-४’ आणि २००६ मध्ये लहान यंत्रांसाठी ‘पॉकेटस्फिंक्स’ या आवृत्त्या आल्या. तोवर ध्वनीवरून संगणक चालविणे म्हणजे १९९७ पासून बाजारात असलेल्या ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’सारखी विकतची आज्ञावली घेणे, असेच समीकरण होते.

ध्वनीपासून शब्दापर्यंत

मायक्रोफोनमधून येणारा आवाज संगणकापर्यंत पोहोचतो तो आकड्यांच्या रूपात. वाक्-अभिज्ञानासाठी सामान्यतः सेकंदाला १६,००० वेळा हवेच्या दाबाचे मापन घेतले जाते. या आकड्यांच्या ओघात अक्षरे किंवा शब्द वेगळे दिसत नाहीत. आपण लिहिताना शब्दांमध्ये सोडतो तशी मोकळी जागा बोलण्यात नसते. म्हणून प्रणाली प्रथम या ओघाचे साधारणतः २५ मिलिसेकंदांचे तुकडे दर १० मिलिसेकंदांनी उचलते. म्हणजे एका सेकंदात सुमारे शंभर तुकडे होतात व शेजारचे तुकडे परस्परांवर काहीसे आच्छादलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येची ऊर्जा किती आहे, हे मोजून ती माहिती मानवी कानाच्या संवेदनेशी जुळेल अशा मापनपट्टीवर बसविली जाते आणि पारंपरिक पद्धतीत अवघ्या तेरा आकड्यांत संक्षेपित केली जाते. वक्त्याच्या स्वराची उंची या संक्षेपात बव्हंशी गळून जाते. जीभ, ओठ व टाळू यांच्या स्थितीमुळे आवाजाला आलेला घाट तेवढा उरतो.

यापुढील काम तीन घटकांवर सोपविलेले असते. पहिला घटक ध्वनिप्रतिमान. अमुक तेरा आकड्यांचा समूह ‘क’ या ध्वनीचा असण्याची संभाव्यता किती आणि ‘ग’चा असण्याची किती, हे ते सांगते. दुसरा घटक उच्चारकोश; कोणता शब्द कोणत्या ध्वनींच्या क्रमाने बनतो, याची ती यादी असते. तिसरा घटक भाषाप्रतिमान. एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे त्यात नोंदलेले असते. ऐकलेल्या ध्वनीशी जुळणारा आणि भाषेतही संभवनीय असा शब्दक्रम शोधणे, म्हणजेच वाक्-अभिज्ञान. संख्याशास्त्राच्या अध्यापकांना यात बेझच्या प्रमेयाचे सरळ उपयोजन दिसेल. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संख्याशास्त्रीय दृष्टी प्रस्थापित केली.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्यावयास हवी. संगणक आपले बोलणे ‘ऐकून समजून’ घेत नसतो; तो अनेक पर्यायांतून सर्वाधिक संभाव्य पर्याय निवडत असतो. पर्याय जितके कमी, तितकी निवड सोपी. वीस आज्ञांच्या यादीतून एक ओळखणे आणि दोन लाख शब्दांतून एक ओळखणे, ही दोन निराळ्या प्रतीची कामे आहेत. संगणकास आज्ञा देणे हे पहिल्या प्रकारचे काम असल्यामुळे जुन्या, साध्या यंत्रावरही ते बऱ्यापैकी होऊ शकते. मजकूर सांगून लिहविणे हे दुसऱ्या प्रकारचे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे, लिहविण्याचा एखादा प्रयोग फसला की ‘आवाजाने काही होत नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

परंतु मर्यादित यादीचा एक दुर्गुणही आहे. यादीबाहेरचे काही असू शकते, हे प्रणालीला सांगितलेले नसेल, तर कानावर पडणारा कोणताही आवाज ती यादीतील कोणत्या तरी शब्दावर नेऊन बसविते. मग खोकला, खुर्चीचा आवाज किंवा शेजारच्या वर्गातील गलका हीसुद्धा ‘आज्ञा’ ठरते. यासाठी यादीत ‘अज्ञात’ असा एक पर्याय मुद्दाम ठेवावा लागतो.

गेल्या दशकात या तीन घटकांची जागा हळूहळू एकाच मोठ्या चेताजालाने घेतली आहे. अशा प्रणालीत उच्चारकोश निराळा नसतो. ध्वनी व त्याचा लिखित मजकूर यांच्या असंख्य जोड्यांवरून जाल स्वतःच संबंध शिकते. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही याच जातीची असून ती ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर प्रशिक्षित आहे. तिच्या बहुभाषी प्रतिमानांत मराठीचाही समावेश आहे. लिहविण्यासाठी ती उपयुक्त असली, तरी आज्ञा देण्यासाठी मात्र तिची प्रकृती जुळत नाही. ती ३० सेकंदांच्या तुकड्यांवर काम करते. दोन शब्दांची आज्ञा असली तरी उरलेली जागा निःशब्दतेने भरून मगच ती विचार करू लागते. शिवाय शांततेतही कधीकधी तिला वाक्ये ऐकू येतात. न बोललेले वाक्य लेखात उमटले तर खोडता येते. न दिलेली आज्ञा अमलात आली तर फाईल गेलेली असते.

शब्दापासून कृतीपर्यंत

शब्द ओळखला गेला म्हणजे काम झाले असे नव्हे. ‘खाली’ हा शब्द हाती आल्यावर पडद्यावरील मजकूर प्रत्यक्ष खाली सरकला पाहिजे. याची सर्वसामान्य रीत अशी की, आज्ञेशी एखादी कळ किंवा कळींचा समूह जोडून ठेवायचा आणि ती कळ दाबली गेल्याचा आभास कार्यप्रणालीस करून द्यायचा. लिनक्समध्ये पूर्वापार चालत आलेल्या एक्स या दर्शनप्रणालीत ‘एक्सडूटूल’ हे छोटे साधन नेमके हेच काम करते. नव्या ‘वेलँड’ व्यवस्थेत मात्र एका आज्ञावलीने दुसरीच्या खिडकीत परस्पर कळी दाबाव्यात, हे सुरक्षिततेच्या कारणास्तव रोखलेले आहे. हे धोरण तत्त्वतः योग्यच आहे, कारण जे साधन दिव्यांग व्यक्तीसाठी कळी दाबू शकते ते घातक आज्ञावलीसाठीही दाबू शकेल. तथापि ज्यांना या सोयीची सर्वाधिक गरज, त्यांचीच जुनी घडी यामुळे विस्कटली. यावर उपाय म्हणून कार्यप्रणालीच्या गाभ्यातच एक आभासी कळफलक निर्माण करणारी ‘वायडूटूल’ व ‘डूटूल’सारखी साधने आली आहेत. त्यांस आवश्यक ती परवानगी एकदा व्यवस्थापकाने द्यावी लागते.

माऊसचे काम आवाजाने करणे अधिक अवघड. ‘थोडे डावीकडे, अजून थोडे’ असे सांगत बसणे कोणासही परवडणारे नाही. त्यावर शोधलेली युक्ती मनोरंजक आहे. पडदा नऊ चौकोनांत विभागून त्यांना एक ते नऊ क्रमांक दिले जातात. ‘पाच’ म्हणताच मधला चौकोन निवडला जाऊन तोच पुन्हा नऊ भागांत विभागला जातो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर तीन अंक उच्चारले की सुमारे ७१ गुणिले ४० बिंदूंचा आयत उरतो आणि चौथ्या अंकास तो सुमारे २४ गुणिले १३ बिंदूंवर येतो. पडद्यावरील बहुतेक बटणे टिपण्यास एवढे पुरते. दुसरी पद्धत म्हणजे खिडकीतील प्रत्येक दुव्यावर वा बटणावर क्रमांक उमटवून तो क्रमांक बोलणे. पण त्यासाठी त्या आज्ञावलीने आपल्या बटणांची माहिती सुगम्यता-व्यवस्थेस पुरविलेली असली पाहिजे, आणि अनेक आज्ञावल्या तेथेच कमी पडतात.

आता वर उल्लेखिलेला गुणाकार. एखादी प्रणाली शंभरांपैकी ९५ आज्ञा अचूक ओळखते असे मानू. ऐकायला हे प्रमाण उत्तम वाटते. परंतु चौकोनांच्या पद्धतीत एक बटण टिपण्यास चार अंक लागतात, आणि चारही अचूक येण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ८१ टक्के होते. दहा आज्ञांचे एखादे काम एकही चूक न होता पार पडण्याची शक्यता ६० टक्क्यांवर येते. अचूकता ९९ टक्के असेल तर तीच शक्यता ९० टक्के होते. चार टक्क्यांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात तोच ‘वापरता येणारे’ आणि ‘वैताग आणणारे’ यांमधील अंतर ठरतो. म्हणूनच अनुभवी वापरकर्ते प्रणाली बदलण्यापूर्वी आज्ञांची निवड बदलतात.

ही निवड म्हणजे एक छोटी भाषारचनाच होय. इंग्रजी अक्षरे नुसती उच्चारली तर बी, डी, पी, टी यांत हमखास गोंधळ होतो. म्हणून ‘टॅलन’ या आवाजी नियंत्रणप्रणालीच्या वापरकर्त्यांनी खुल्या केलेल्या आज्ञासंचात प्रत्येक अक्षरास एअर, बॅट, कॅप, ड्रम असे एकेक लहान, पण परस्परांहून स्पष्ट भिन्न शब्द योजले आहेत. ‘टॅलन’ स्वतः मुक्तस्रोत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. मुक्त आहे तो तिचा आज्ञासंच. मराठीत ‘कमळ, खडू, गवत, घर’ ही अंकलिपीतील परंपरा आपल्याकडे तयारच आहे. तिचा असा उपयोग करता येण्याजोगा आहे.

याखेरीज तीन अवस्था स्वतंत्र ठेवाव्या लागतात : आज्ञा देण्याची, मजकूर सांगण्याची आणि निद्रेची. तिसरीचे महत्त्व कोणी पाहुणा खोलीत येऊन बोलू लागेपर्यंत कळत नाही.

आवाजाने केवळ किरकोळ कामेच होतात, असाही एक समज आहे. २०१३ च्या पायकॉन परिषदेत टॅव्हिस रड या संगणकतज्ज्ञाने हातांच्या दुखण्यामुळे आपण बोलून आज्ञावल्या कशा लिहू लागलो, याचे प्रात्यक्षिक दिले होते. त्याने वापरलेले अभिज्ञानयंत्र ‘ड्रॅगन’ हे विकतचे होते. पण आज्ञा व कृती यांना जोडणारा ‘ड्रॅगनफ्लाय’ हा पायथन भाषेतील दुवा मुक्तस्रोत होता. त्याच्या आज्ञा सामान्य ऐकणाऱ्यास निरर्थक उद्गारांसारख्या वाटत. त्या मुद्दाम तशा रचलेल्या होत्या.

मुक्तस्रोताचा अर्थ आणि त्यातील चढउतार

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद या क्षेत्राच्या इतिहासात चांगला दिसून येतो. केंब्रिज विद्यापीठाची ‘एचटीके’ ही प्रशिक्षण-प्रणाली विनामूल्य होती व तिची आज्ञावली वाचताही येत असे. परंतु ती इतरांस वाटण्याची मुभा नव्हती. केडीई या मुक्तस्रोत परिवारातील ‘सायमन’ ही प्रणाली ऑस्ट्रियात, प्रामुख्याने दिव्यांग व्यक्तींसाठी विकसित झाली. जपानमध्ये तयार झालेले ‘ज्युलियस’ हे अभिज्ञानयंत्र तिच्या मुळाशी होते. मात्र प्रशिक्षणासाठी ‘एचटीके’ लागत असल्यामुळे ती प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्रपणे मिळवावी लागे. ज्याला माऊस धरता येत नाही, त्यानेच या खटपटी कराव्यात, हा विरोधाभास होता. पुढे ‘सायमन’ने ‘स्फिंक्स’चाही आधार घेतला.

‘सायमन’चा एक विशेष मात्र आजही विचारात घेण्याजोगा वाटतो. तीत वापरकर्ता स्वतःचे शब्द स्वतःच्या आवाजात नोंदवून प्रणालीस शिकवू शकत असे. त्यामुळे भाषा कोणती, बोली कोणती, हा प्रश्नच गौण ठरे. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांचे उच्चार अस्पष्ट आहेत, त्यांना लाखो निकोप वक्त्यांच्या आवाजावर घडलेले प्रतिमान फारसे उपयोगी पडत नाही. त्यांच्या तीस-चाळीस उच्चारांवर घडलेले छोटे प्रतिमान कदाचित पडेल. त्या प्रकल्पाचा विकास कालांतराने मंदावला, ही खेदाची गोष्ट आहे.

मोझिला संस्थेने २०१७ मध्ये ‘डीपस्पीच’ प्रसृत केली आणि २०२१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. ‘व्हॉक्सफोर्ज’ने २००६ पासून आणि मोझिलाच्याच ‘कॉमन व्हॉइस’ने २०१७ पासून लोकांकडून आवाजाचे नमुने गोळा केले, यांपैकी दुसऱ्या संग्रहावर स्वामित्वहक्काचे कोणतेही बंधन ठेवलेले नाही. २०११ मध्ये खुली झालेली ‘काल्डी’ ही संशोधकांत सर्वाधिक मान्यता पावलेली प्रणाली. कॉफीचा शोध लावणारा म्हणून आख्यायिकेत प्रसिद्ध असलेल्या इथिओपियन गुराख्याचे नाव तिला दिलेले आहे. ‘काल्डी’वरच आधारलेली ‘व्होस्क’ सामान्य वापरकर्त्यासाठी सर्वांत व्यवहार्य ठरते. तिची लहान प्रतिमाने सुमारे ५० मेगाबाइटची असतात, इंटरनेटविना चालतात आणि ऐकावयाच्या शब्दांची मर्यादित यादी त्यांना ऐनवेळी देता येते. भारतीय धाटणीच्या इंग्रजीसाठी तसेच हिंदीसाठी तीत स्वतंत्र प्रतिमाने आहेत. ‘नर्ड-डिक्टेशन’ हे लिहविण्याचे आणि ‘न्यूमेन’ हे कळफलक-नियंत्रणाचे साधन, दोन्ही ‘व्होस्क’वर उभी आहेत.

प्रकल्प बंद पडले तरी त्यांची आज्ञावली नाहीशी झाली नाही, हे मुक्तस्रोताचे बलस्थान खरे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने आपला सारा अभ्यास ज्या साधनावर बेतला ते नव्या संगणकावर चालेनासे झाले, तर आज्ञावली उपलब्ध असल्याचे समाधान त्याला पुरणार नाही. ती चालती ठेवणारा कोणी तरी जवळ असावा लागतो.

मराठीचा प्रश्न

मराठीच्या लिपीत उच्चारांचे प्रतिबिंब बरेच निष्ठेने उमटते, म्हणून वाक्-अभिज्ञान सोपे असावे, असे सकृद्दर्शनी वाटते. ते अंशतःच खरे आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ निराळे आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांचे लेखन एकच असून उच्चार भिन्न आहेत. शब्दान्ती व मध्ये लोप पावणारा ‘अ’ लिपीत दिसत नाही. उच्चारकोश यंत्राकडून आपोआप तयार करविताना हे सर्व नियम व त्यांचे अपवाद हाती द्यावे लागतात. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस येथे मोठे काम आहे.

एक जुगाडही करता येतो. ‘पॉकेटस्फिंक्स’च्या इंग्रजी ध्वनिप्रतिमानास मराठी शब्दांचा छोटा उच्चारकोश जोडावयाचा. इंग्रजीच्या त्या कोशात अवघे ३९ ध्वनी आहेत. त्यांत ‘घ’ नाही, ‘ळ’ नाही. मग ‘उघड’मधील ‘घ’ हा ‘ग’ आणि ‘ह’ जोडून भागवावा लागतो आणि ‘ओळ’चा ‘ओल’ होतो. लिहविण्यासाठी ही तडजोड घातक ठरेल. आज्ञांसाठी तितकी नाही, कारण यादीत ‘ओल’ नसेल तर ‘ओळ’शी स्पर्धा करणारे कोणीच नसते. ‘बंद कर’ आणि ‘मंद कर’ या दोन्ही आज्ञा एकाच यादीत न ठेवणे, हे मात्र आपल्या हाती आहे. अंकांत ‘सहा’ व ‘दहा’, तसेच ‘सात’ व ‘आठ’ जवळचे पडतात. त्याहून कठीण जोडी ‘सदुसष्ट’ व ‘अडुसष्ट’ यांची आहे. म्हणून दोन अंकी संख्या ‘सहा-सात’ अशी सुटी सांगणे श्रेयस्कर. शब्द लहान असेल तर बोलणे जलद होते पण चूक वाढते, आणि लांब असेल तर उलट घडते. योग्य लांबी वापरातूनच सापडते.

मराठीत लिहविण्याच्या बाबतीत अलीकडच्या वर्षांत चित्र पालटले आहे. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. मद्रास आयआयटीतील ‘एआयफोरभारत’ या गटाने भारतीय भाषांतील आवाजाचे मोठे संग्रह आणि त्यांवर प्रशिक्षित प्रतिमाने खुली केली आहेत; २०२४ मधील ‘इंडिकव्हॉइसेस’ या संग्रहासाठी देशाच्या अनेक जिल्ह्यांतून लोकांचे सहज बोलणे टिपले गेले. ‘कॉमन व्हॉइस’मध्येही मराठीचा विभाग आहे. या संग्रहांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचा आवाज किती प्रमाणात येतो, यावर त्या विद्यार्थ्यांना संगणक कितपत ‘ऐकेल’ हे अवलंबून राहील. विकतच्या प्रणालीत हा निर्णय उत्पादक करतो. येथे तो आपल्या मराठी विभागातील विद्यार्थीही ध्वनिमुद्रणे देऊन काही अंशी फिरवू शकतात.

आणखी एक बाब. आपण ‘केलं’ बोलतो आणि ‘केले’ लिहितो. प्रतिमान ज्या मजकुरावर घडले असेल, त्यानुसार ते यांपैकी एक रूप स्वतःच पसंत करते. ऱ्हस्व-दीर्घही तेच ठरविते.

महाविद्यालयातील उपयोजन

ही शेवटची बाब परीक्षेच्या संदर्भात गंभीर होते. विद्यार्थ्याने उत्तर बोलून लिहविले आणि भाषाप्रतिमानाने त्यातील अडखळ गाळली, व्याकरण नीट केले, शुद्धलेखन तपासून दिले, तर ते उत्तर नेमके कोणाचे? मानवी लेखनिकाबाबतही हा प्रश्न होताच, पण तेथे पर्यवेक्षक समोर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यावर उपाय आहे : लिहविलेल्या मजकुरासोबत मूळ ध्वनिमुद्रण जतन करावे. भाषाविषयांत शुद्धलेखनाचे गुण वेगळे काढून त्या विद्यार्थ्यांसाठी निराळी कसोटी ठेवावी. ध्वनिमुद्रण हे माध्यम मार्गदर्शक तत्त्वांत मुळातच मान्य असल्यामुळे यात नियमभंग होण्याचे कारण दिसत नाही. मात्र परीक्षा केंद्रास स्वतंत्र खोली द्यावी लागेल, आणि परीक्षार्थीस त्या संगणकाची व त्या आज्ञासंचाची सवय सत्रारंभापासून झालेली असली पाहिजे. परीक्षेच्या दिवशी प्रथमच मायक्रोफोन हाती देणे म्हणजे सवलतीच्या नावाखाली दुसरी परीक्षा घेणे होय.

परीक्षेत इंटरनेट बंद असणे आवश्यक असते. त्यामुळे आवाज दूरच्या सर्व्हरकडे पाठविणाऱ्या सेवा तेथे निरुपयोगी ठरतात, आणि स्थानिक संगणकावर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रणाली हाच विचारात घेण्याजोगा पर्याय उरतो. आज्ञांसाठी साधा जुना संगणक पुरतो. लिहविण्यासाठी ‘व्हिस्पर’चे ‘स्मॉल’ प्रतिमान २४.४ कोटी प्राचलांचे, तर ‘लार्ज’ सुमारे १५५ कोटींचे आहे. मराठीसारख्या भाषेत लहान प्रतिमानांच्या चुका बऱ्याच अधिक असतात आणि मोठे प्रतिमान प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर कूर्मगतीने चालते. तेव्हा एखादा तरी सक्षम संगणक या कामासाठी राखून ठेवावा लागेल. मायक्रोफोन मात्र तोंडाजवळ राहणारा, डोक्यावर बसविण्याचा असावा. वरच्या पंख्याचा आवाज हा आपल्या प्रयोगशाळांतील सर्वांत मोठा अडथळा आहे, आणि टेबलावरील मायक्रोफोन तो इमानेइतबारे टिपतो.

स्वतःच्या हातांच्या दुखण्यासाठी या साधनांकडे वळू इच्छिणाऱ्या सहकाऱ्यांस दोन सूचना. दिवसाचे तीन-चार तास वर्गात बोलल्यानंतर पुन्हा संगणकाशी बोलत राहणे घशाला झेपेलच असे नाही. हाताचा भार कमी करताना तो स्वरयंत्रावर टाकू नये. म्हणून कळफलक, पायाने दाबावयाची कळ आणि आवाज यांत काम वाटून घेणे अधिक शहाणपणाचे. दुसरी सूचना गोपनीयतेची. स्थानिक प्रणालीत आपला आवाज संगणकाबाहेर जात नाही. पण प्रश्नपत्रिका किंवा विद्यार्थ्यांचे गुण अध्यापक-कक्षात बसून सांगितले, तर ते संगणकाआधी शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचतात.